आदल्या संध्याकाळचा न्हावी

सुरतेतल्या लिंबायतमध्ये, खानदेशातून आलेल्यांच्या वस्तीत, न्हाव्यांच्या खुर्च्या पुष्कळ, पण सुपडू सैंदाणे कुणाच्याच खुर्चीत बसलेला कधी दिसायचा नाही. त्याला कुणी बसवायचंच नाही. महिन्यातल्या एखाद्या रविवारी तो आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायचा, एक आरसा खिळ्याला अडकवायचा, दुसरा मागच्या फळीवर टेकवायचा आणि मानेवरचे केस अंदाजानं स्वतःच कापायचा. अंदाज तो अंदाजच. मागची कड नेहमी तिरकी व्हायची. चहाच्या टपरीवर पोरं ती तिरकी कड बघून एकमेकांना कोपर मारायची. एखादा वात्रट अहिराणीत म्हणायचा, "नाना, मनाकडे नका देखा, मनं लगीन व्हवाले शे अजून." सुपडूनाना हसायचा आणि कप घेऊन टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहायचा.

जातीनं न्हावी, दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि मग परत मागून घेतलं. सुपातला म्हणून सुपडू. बाप गावचा मानाचा न्हावी. लग्नात नवरदेवाची दाढी त्याची, पोराचं जाऊळ त्याचं. जाऊळ म्हणजे जन्माचे केस. ते कुळदेवीच्या नावानं ठेवायचे आणि तिच्या पायाशी, नाही तर तिच्या नावानं घरच्या मांडवात उतरवायचे. पहिला वस्तरा लावणाऱ्या न्हाव्याला टोपी, रुमाल, नारळ. बाप घरी आला की नारळ खाडकन दगडावर फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा सुपडूच्या तोंडात घालायचा. तुझे दिवस येतील तेव्हा मला दे, म्हणायचा.

सुपडूचे ते दिवस सुरतेत आले आणि सुरतेतच गेले. कापडाच्या लूमवर कामाला म्हणून आला, पण कापसाची भुकटी छातीत बसली. मालकानं सांगितलं, तू आपला धंदा कर. तेवढ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्याला न्हावी हवा होता. ज्याचं ऑपरेशन उद्या आहे, त्याची त्या जागेची हजामत आदल्या संध्याकाळी करायची, एवढंच काम. महिन्याला पगार, पावसात छप्पर. सुपडू खूश झाला.

सगळ्या वॉर्डांत फिरायचा, पण लहान मुलांच्या वॉर्डात त्याला वेळ लागायचा. पोर रडतं, हलतं, पाय झाडतं. उभ्यानं ते काम होतच नाही, म्हणून तो खाली बसायचा, आईच्या मांडीजवळ. आणि गंमत बघा, डॉक्टर उभ्या उभ्या बोलून जायचे, सिस्टर चालता चालता बोलायच्या, आईबापांपाशी बसणारा त्या अख्ख्या दवाखान्यात सुपडू एकटाच. मग त्यालाच विचारायचे. कुठं कापतील? किती कापतील? पोरगं उठेल ना? सुपडूला यातलं काय ठाऊक असणार? पण तो म्हणायचा, उठेल, नक्की उठेल. चांगल्या मनानंच म्हणायचा.

एकदा लिंबायतमधल्याच हिलालची मुलगी आली. सुपडूच्या गल्लीत खेळणारी पोर. कानामागचं हाड सडलं होतं. हिलालनं हात धरून विचारलं, तेव्हा सुपडू म्हणाला, "काही घोर करू नको. परवा दिवशी गल्लीमा खेयताना देखशी." पोर टेबलावरून परत आली नाही. ऑपरेशनच्या दारात हिलालच्या बायकोनं जो टाहो फोडला, त्यात डॉक्टरचं नाव नव्हतं, देवाचं नव्हतं. सुपडूचा वस्तरा लागला आणि माझी पोर गेली, असं ती रडत होती.

ते वाक्य लिंबायतमध्ये पोचायला वेळ लागला नाही. जो वस्तरा मरणाच्या दारातल्या डोक्यावर फिरतो, तो आपल्या डोक्याला कसा लावायचा? मग वस्तरा धरणारा हात? आणि त्या हाताच्या माणसाचं डोकं आपल्या खुर्चीत? बायका आपापल्या लेकरांच्या टाळूवर पदर घ्यायला लागल्या. प्लेगाच्या साली अर्धं लिंबायत गाड्यांना लटकून खानदेशात पळालं आणि सुपडू दवाखान्यातच राहिला, म्हणून परतलेल्यांनी त्याचं कौतुक केलं नाही, उलट आणखी चार हात लांब झाले. बायको आधीच वारली होती. मुलगी सोनाली शेजारच्याच गोडादऱ्यात दिलेली. तिच्या मुलाचं जाऊळ निघालं तेव्हा सुपडू नवी टोपी घालून, स्वतःच्या बापाचा वस्तरा चकचकीत करून गेला. जावई गोड बोलणारा. म्हणाला, "आबा, तुम्ही आज पाहुना शेत. वस्तराले हात नका लावा." वस्तरा धरला तो सुपडूच्या पुतण्यानं, लोटूनं. लोटूला वस्तरा धरायला सुपडूनंच शिकवलं होतं. सुपडू मांडवाच्या कडेला बसला, जेवला, आणि उन्हातून चालत घरी आला. बापाचा वस्तरा त्यानं पेटीत तळाशी ठेवला.

हिलालच्या पोरीनंतर सुपडू दवाखान्यात बोलेनासा झाला. मोठ्या सिस्टरनंही दम दिला होता की तुझं काम हाताचं आहे, तोंडाचं नाही. वाटी, साबण, कापूस, नवं ब्लेड. यायचं, बसायचं, करायचं, उठायचं. कुणी काही विचारलं की मान खाली. दुसऱ्या दिवशी त्या पोराचं काय झालं हे त्याला कुणी सांगायचं नाही आणि तो विचारायचा नाही. पण मनात एक गोष्ट होती, ती काही मरत नव्हती. कुणीतरी एकदा आपणहून म्हणावं, नाना, आमच्याकडं तुम्ही या. एवढंच.

अशात योगराज आला.

दीड वर्षाचं पोर, डोक्यात पाणी झालेलं. अंग एवढंसं आणि डोकं कलिंगडासारखं वाढलेलं, कातडी ताणून चकाकती, निळ्या शिरा वर आलेल्या. डोळ्यांची बुबुळं खाली ओढली गेलेली, वरचं पांढरं दिसायचं. त्या डोक्यावर विरळ, कुरळे, कधी न कापलेले केस, आणि एक बट काळ्या दोऱ्यानं बांधलेली. बाप हेमराज, लूमवरचा कारागीर. आई उज्ज्वला, वीस-बावीसची. दोघंही लिंबायतचीच.

अशा डोक्यांचा डॉक्टर सुरतेत नव्हता. डॉक्टर जरीवाला महिन्यातून एकदा बडोद्याहून यायचे, संध्याकाळी पोरं तपासायचे, सकाळी ऑपरेशनं उरकायचे आणि दुपारच्या गाडीनं परत. त्यांनी हेमराजला गुजरातीत सगळं सांगितलं होतं. हेमराजनं मान हलवली होती. आता लूमवरच्या माणसाची मान कशी असते, ते लूमवर गेल्याशिवाय कळायचं नाही. त्या खडखडाटात मालक काय ओरडतो हे ऐकूच येत नाही. नाही ऐकलं म्हटलं तर शिवी, म्हणून कारागीर आधी मान हलवतो आणि मग शेजारच्याला विचारतो की काय म्हणाला. हेमराजनं डॉक्टरसमोर तेच केलं. फक्त इथं शेजारी विचारायला कुणी नव्हतं. डॉक्टरला वाटलं समजलं. हेमराजनं सही केली. उज्ज्वला दाराबाहेर पोर घेऊन उभी होती, तिला कुणी आत बोलावलंच नाही.

संध्याकाळी सुपडू वाटी घेऊन खाटेपाशी आला आणि नेहमीसारखा खाली बसला. उज्ज्वलानं त्याला ओळखलं. तिनं पोर छातीशी ओढलं आणि त्या मोठ्या डोक्यावर पदर टाकला.

"हात नका लावा तेले," ती म्हणाली.

सुपडूनं हात मागे घेतला. असं काही त्याला नवं नव्हतं. तो उठून सिस्टर कोकिलाबेनला सांगायला गेला. कोकिलाबेन दिवसभर पायांवर, तिचा जीव आधीच उबगलेला. ती तरातरा आली. हिंदीत म्हणाली, ऑपरेशन नको असेल तर सही कशाला केली, खाट कशाला अडवली, बाहेर दुसरी आई पोर घेऊन बसली आहे. हेमराज मान हलवू लागला. उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून बसली. कोकिलाबेननं डॉक्टर जरीवालांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला, परत सगळं सांगितलं, उद्या नाही तर पुढचा महिना, आणि पुढच्या महिन्यापर्यंत याची नजर राहणार नाही. हेमराजनं मान हलवली. डॉक्टर समाधानानं पुढच्या खाटेकडे गेले. पदर जागचा हलला नाही.

"आ लोको तमारा गामना छे ने, सुपडूभाई?" कोकिलाबेन म्हणाली. "तमे बोलो. मारुं तो कोई सांभळतुं नथी."

तिचं कुणी ऐकत नाही म्हणून, तोंडाचं काम नाही सांगून ज्याला गप्प बसवलं होतं, त्यालाच आता बोल म्हणत होते. सुपडू मग परत खाटेपाशी जाऊन बसला, या खेपेला थोडा लांब, भिंतीला टेकून. वाटी मागे ठेवली. तिला म्हणाला की वस्तरा मी ठेवून दिला, आता सांग काय झालं.

ती बोलली तेव्हा आधी बोलली ती नवऱ्यावर. हे माणूस घरी येऊन सांगतं की डोक्यातलं पाणी काढणार. कसं काढणार म्हटलं तर मान हलवतं. सुईनं काढणार की फोडणार? काढलेलं पाणी परत आलं तर? हे बैलासारखं मान हलवतं. हेमराज पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. आणि डोकं भादरायचं हे तर आत्ता, तुम्ही वाटी घेऊन आलात तेव्हा कळलं. हे केस आमच्या कुळदेवीचे, म्हसदीच्या धनदाईचे आहेत. हे पोर झालं तेव्हाच डोकं असं होतं. सुईण म्हणाली जगत नाही. तेव्हा देवीला बोलले की जगव, म्हसदीला तुझ्या पायाशी जाऊळ काढीन. दीड वर्ष कात्री लावली नाही. आणि आता इथं, या फरशीवर, आणि...

पुढचं सुपडूला कळलं. आणि तुमच्या हातानं.

सुपडू उठला आणि डॉक्टर जरीवालांच्या मागे गेला. डॉक्टर व्हरांड्यात चहा पीत होते. न्हाव्यानं डॉक्टरला असं जाऊन विचारायची रीत नव्हती. त्यानं विचारलं की साहेब, त्या पोराच्या डोक्यात नक्की काय करणार, आईला सांगायचं आहे. डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता इतकंच. त्यांनी कप ठेवला आणि सलाइनची एक नळी मागवून सुपडूच्या स्वतःच्या डोक्यावर धरून दाखवली. इथं कानामागे लहान भोक, इथून ही बारीक नळी आत, कातडीखालून मानेतून, छातीवरून खाली पोटात. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरत राहील. नळी जन्मभर आत राहणार. सुपडूनं विचारलं, सगळेच केस काढायला हवेत का, एक बट ठेवली तर? डॉक्टर म्हणाले, नाही. केसात घाण असते, नळीला तेवढी लागली तरी आतली जागा पिकते आणि मग पोर हातचं जातं. आणि ही कातडी बघितलीस ना? एक ओरखडा जरी मला सकाळी दिसला, तरी मी ऑपरेशन करणार नाही.

"आणि साहेब, उठेल ना?" सुपडूनं विचारलं. इतकी वर्षं लोकांनी त्याला विचारलेलं, त्यानं पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक उठतात. सगळे उठत नाहीत.

सुपडू परत आला. आता त्याच्याकडे नळी होती. ती त्यानं डॉक्टरांसारखीच आपल्या डोक्यावर धरली, मानेवरून छातीवर आणली, सदऱ्याच्या गुंड्या काढून पोटावर टेकवली. अहिराणीत, सावकाश, शेतात पाटाचं पाणी कसं वळवतात तसं सगळं सांगितलं. उज्ज्वला बघत होती. हेमराजही बघत होता, आणि पहिल्यांदाच मान हलवत नव्हता. मग तिनं तो प्रश्न विचारलाच.

"व्हई ना बरं, नाना?"

सुपडूच्या जिभेवर जुनं उत्तर तयार होतं. त्यानं ते गिळलं.

"माले माहीत नही, माय. डाक्टरले बी पक्कं माहीत नही. पन नही करं ते डोया जातीन, हाई पक्कं."

तिनं डोळे मिटून घेतले. तिच्या गालावरून पाणी आलं, पण ती भिंतीकडे वळली नाही. म्हणाली, करू द्या. पण जाऊळ मानाच्या न्हाव्याच्या हातून. लोटूला आणा.

सुपडूला वाटलं होतं की आता ती म्हणेल, तुम्हीच काढा. एवढं सांगितल्यावर म्हणेल. पण तो हो म्हणाला. हेमराजला सांगितलं की रिक्षा कर, लोटूचं दुकान अजून उघडं असेल, त्याला म्हणावं काकानं बोलावलं आहे.

बाहेरचा न्हावी वॉर्डात चालायचा नाही. कोकिलाबेन म्हणाली, वॉर्डात मी असलं काही होऊ देणार नाही. मग म्हणाली, मागे धोबीघाटाकडे कोण काय करतं ते मला इथून दिसत नाही. तिथं बदामाचं झाड होतं आणि तारांवर चादरी वाळत होत्या. दिवेलागण झाली होती. चादरींच्या आडोशाला सुपडूनं पाणी मारून फरशी धुतली, सतरंजी टाकली, बल्बची वायर ओढून आणली. योगराजचा मामा अमळनेरला. जाऊळ मामाच्या मांडीवर निघतं. मग मामाच्या नावाची सुपारी हेमराजच्या मांडीवर ठेवली आणि तिच्याशेजारी पोराला बसवलं. उज्ज्वलानं आपला कोरा रुमाल पसरला. नारळ, टोपी हेमराज येताना घेऊन आला होता.

लोटू आला तो केसांना तेल, खिशात कंगवा, एखाद्या नटासारखा. सिनेमातले कट मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्यानं वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं, देवीचं नाव घेतलं, गुडघा टेकला आणि पोराच्या डोक्यावरचा पदर बाजूला केला. बल्बच्या उजेडात ते डोकं आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं. टाळू मऊ होती, श्वासाबरोबर हलत होती. लोटूनं बोटं टेकवली आणि उचलली. परत टेकवली. सुपडूनं त्याला ओरखड्याचं सांगितलेलं होतं. 

"काका, मना हात थरथरस," तो हळूच म्हणाला. "हाई मनं काम नही."

 चादरी हलत होत्या. पोर कंटाळून सुपारीला हात घालत होतं आणि हेमराज ती मुठीत लपवत होता. सुपडू झाडाला टेकून उभा होता. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. त्याला सांगता आलं असतं की दे इकडे. पण बोलणं आता तिचं होतं.

उज्ज्वलानं लोटूच्या हाताकडे पाहिलं. मग सुपडूच्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे पाहिलं, जे दिसत नव्हते.

"दोरा बांधेल बट तू काप, लोटू," ती म्हणाली. "ती देवीनी. कात्रीवरी काप. बाकीना केस दवाखानाना."

लोटूनं कात्री काढली. काळ्या दोऱ्याची बट कापून कोऱ्या रुमालात टाकली. उज्ज्वलानं रुमालाची गाठ मारली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. टोपी लोटूच्या डोक्यावर, नारळ लोटूच्या हातात. जाऊळ झालं. मग ती सुपडूकडे न बघता म्हणाली, "घ्या, नाना."

सुपडूनं कोपरापर्यंत हात धुतले. ब्लेड बदललं. पोराला हेमराजच्या मांडीवरून उचलून आईच्या मांडीवर दिलं, कारण भ्यालेलं पोर आईपाशी कमी हलतं. साबण हातावर कोमट करून लावला. मग एका हाताचा तळवा त्यानं त्या डोक्याखाली दिला, पिकलेलं फळ झेलावं तसा, आणि दुसऱ्या हातानं कातडी न ताणता, केसांच्या कलानं, तसूतसूनं खाली आला. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता. लोटूला वाटलं मंत्र आहे. सुपडू पोराला गावच्या बैलांची नावं सांगत होता. पोर ऐकता ऐकता पेंगलं. उज्ज्वला आधी चादरींकडे बघत होती. मग तिची मान हळूहळू खाली वळली आणि ती वस्तऱ्याकडे बघत राहिली, शेवटचा केस निघेपर्यंत.

कापसानं डोकं पुसलं तेव्हा त्यावर लाल टिंबही नव्हतं. लोटू नारळ घेऊन दुकान बंद करायला गेला. आईबाप पोराला घेऊन वर गेले. सुपडूनं फरशीवरचे केस गोळा केले, वायर गुंडाळली आणि बल्ब काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. एरवी त्या वेळी सुपडू पुरुषांच्या वॉर्डात, रात्री उशिरा दाखल झालेल्यांपाशी असायचा, त्या दिवशीही तिथंच होता. एका म्हाताऱ्याच्या पोटावर साबण लावत होता, तेवढ्यात हेमराज धावत आला आणि त्याचा हातच धरला. डॉक्टर बाहेर आलेत, बोलायला लागलेत, आणि तुम्ही येईपर्यंत हिनं त्यांना थांबवून धरलं आहे. सुपडू साबणाच्या हातानंच निघाला.

ऑपरेशनच्या दारात डॉक्टर जरीवाला भिंतीला टेकून उभे होते. टोपी हातात, कपाळावर तिचा वळ. उज्ज्वला त्यांच्या समोर, वाट अडवल्यासारखी. तिला गुजराती येत नव्हतं, तिनं नुसता हात आडवा धरला होता. सुपडूला बघून डॉक्टर म्हणाले, आव भाई, आ बेन मने जवा नथी देती. हसून म्हणाले, पण थांबले. मग ते एक वाक्य बोलायचे आणि सुपडू एक वाक्य सांगायचा. नळी बसली. पाणी उतरायला लागलं. पोर जागं व्हायला वेळ लागेल, घाबरू नका. ताप आला तर लगेच सांगा. वाढेल तशी नळी आखूड पडेल, तेव्हा परत यावं लागेल. डोळ्यांचं आज सांगता येत नाही. सुपडूनं यातलं गोड काही वाढवलं नाही आणि कडू काही गाळलं नाही. बोलून झालं तेव्हा डॉक्टरांच्या गाडीची वेळ झाली होती. ते गेले. उज्ज्वला खाली बसली आणि पदरात तोंड घालून मोठ्यानं रडली. सुपडू तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला, मग त्याला म्हाताऱ्याच्या पोटावरचा साबण आठवला.

योगराज उठला. आधी दूध ओकला, मग दूध प्यायला. त्याची बुबुळं रोज थोडी वर यायची. ड्रेसिंगला, तापाला, बाटली लावायला, दर वेळी कोकिलाबेन जिन्यातून हाक मारायची, सुपडूभाई, आवो. सुपडू जायचा, भिंतीपाशी बसायचा, सांगायचा. उज्ज्वला ऐकायची. ती त्याच्याशी आपणहून काही बोलायची नाही. लिंबायतमधून डबा घेऊन नातेवाईक यायचे. त्यांची पंगत बसली की ते शेजारच्या खाटांवरच्यांना भाकरी द्यायचे, आयाबाईला द्यायचे. सुपडू त्या वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम काढायचा.

घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी कोकिलाबेननं त्याला बोलावून काय काय सांगायचं ते समजावलं. सुपडूनं दोघांना बसवून सांगितलं. पोर सारखं ओकायला लागलं, झोपेतून उठेना, डोळे परत खाली गेले, की नळी तुंबली समजायचं. भगताकडे न्यायचं नाही, उद्या जाऊ म्हणायचं नाही, मिळेल त्या रिक्षानं इथं यायचं. हेमराजनं सगळं परत म्हणून दाखवलं. एकदाही मान हलवली नाही. तोंडानंच बोलला.

उज्ज्वला पोराला खांद्यावर घेऊन उठली. त्याच्या डोक्यावर पट्टीच्या भोवती बारीक काळी लव आली होती. दोन पावलं गेली आणि थांबली.

"नळी तुंबनी ते परत डोकं भादरनं पडी?"

"पडी," सुपडू म्हणाला.

"मंग तव्हय लोटूले बलावानं काम नही." तिनं पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हीच या, नाना."

सुपडूचा हात नकळत टोपीकडे गेला. इतक्या वर्षांत कुणी त्याला म्हणालं नव्हतं. कुणी म्हणालं, तर काय बोलायचं, तेही त्यानं कधीचं ठरवून ठेवलेलं होतं, खाली वाकून, बापासारखं, तुमच्या घरच्या बोलावण्याची मी वाट बघतो असं. ते शब्द तोंडाशी आले आणि तिथंच अडकले. या आमंत्रणाची वाट कशी बघायची?

"तशी येळ येवाले नको, माय," तो म्हणाला.

ती हो म्हणाली. रिक्षात बसताना वारा होता म्हणून तिनं पोराच्या डोक्यावर पदर घेतला. सुपडू फाटकापर्यंत गेला नाही.

पुढं कितीतरी महिने डॉक्टर जरीवाला बडोद्याहून येत राहिले. ते येत त्या संध्याकाळी वॉर्डात शिरायच्या आधी सुपडू दाराशी थांबायचा. एकेक खाट बघायचा, एकेक आईचं तोंड बघायचा. उज्ज्वला कुठं नाही, अशी खात्री झाली की मग तो नळावर जाऊन वाटी भरायचा, आणि ज्या कुणाचं पोर असेल तिच्यापाशी जाऊन बसायचा.